मला नसलेली मूळव्याध

जिंतूर,
रविवार, दि. १२ नोव्हेंबर १९८९

चुडावा मुक्कामी आमचे थोरले मेव्हणे सितारामराव यांना जिंतूरहून रंगनाथ सोडावाल्याचा सप्रेम जयभीम. सरजाबाई वहिनींना आणि लेकरांनाही सांगावा. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? रेल्वेच्या रुळावर बावीस वर्षं चालल्यावर गुडघ्यानं थोडं बोलावं हे रास्तच आहे, पण त्याचं ऐकत चला. (दुखणाऱ्याचं ऐकावं, असं मी अलीकडं लोकांना सांगत फिरतो. का, ते पुढं येईल.) इकडं थंडी पडली आहे. सोडा कुणी पीत नाही. निवडणुकीचे भोंगे मात्र तांबडं फुटायला सुरू होतात, पण घसा फक्त पुढाऱ्यांचा सुकतो आणि ते चहा पितात, त्यामुळं लोकशाहीचा आमच्या धंद्याला काही उपयोग नाही.

पत्रास कारण सुरण. धम्मचक्र दिनाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या मूळव्याधीला भेटायला आलात, औषध म्हणून पिशवीभर सुरण आणलात, दिवसभर माझ्या उशाशी बसलात आणि "पाव्हणं, तिखट बंद करा, न्हाईतर बसणं बंद व्हईल," असं तीनदा बजावून सांजच्या गाडीनं गेलात. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. सुरण सगळा मीच खाल्ला. तिखट महिनाभर बंद ठेवलं. मूळव्याध आता अजिबात नाही. पण सितारामराव, ती तेव्हाही नव्हती. (पत्र खाली ठेवू नका आणि वहिनींना मोठ्यानं वाचूनही दाखवू नका. आधी एकट्यानं वाचा, मग काय सांगायचं ते ठरवा.) मी खाटेवर आडवा पडलो होतो, तुम्ही माझा हात हातात घेऊन बसला होतात, आणि ज्याचं खरं दुखणं होतं ते माणूस तुम्हाला तीनदा चहा देऊन गेलं.

आता पुढचं कसं लिहावं याचा विचार करता करता मी दोन कागद फाडले. बायकोच्या भावाला असल्या गोष्टी लिहायची रीत आपल्यात नाही. खोकला असता तर लिहिला असता. हाड मोडलं असतं तर गावभर सांगितलं असतं, मोडलेल्या हाडाला मान असतो. बायकांच्या आजाराला मात्र नाव घ्यायचीही चोरी; बायका तो एकमेकींना डोळ्यांनी सांगतात आणि आपण पुरुष तेवढ्यात उठून बाहेर जाऊन विडी पेटवतो. तरी लिहितोच. तुमच्या बहिणीचं, चांगुणाचं, अंग बाहेर येतं. गर्भाची पिशवी खाली उतरते. चाललं, खोकलं, पाण्याचा हंडा उचलला की खाली येते, आडवं झालं की आत जाते, आणि अलीकडं आडवं झालं तरी जात नाही. अकरा वर्षं झाली. जुन्या लुगड्याची घडी करून ती कमरेला लंगोटासारखी आवळून बांधते आणि कामाला लागते. अकरा वर्षांत तुम्ही तिला जितक्या वेळा पाहिलंत, तितक्या वेळा ती अशीच बांधलेली होती. मीही अशीच पाहिली. मी तर रोज पाहिली.

तुम्ही नेहमी म्हणता, रंगनाथरावाचा कान लय तिखट. खोटं नाही. सोड्याची गोळी बाटलीच्या रबराला टेकताना जो आवाज करते, त्यावरून गॅस पुरता भरला की अर्धा, हे मी पाठ फिरवून सांगतो. एसटी नाक्यावर आली की इंजिनावरून परभणीची की येलदरीची ते ओळखतो आणि त्या हिशेबानं बाटल्या पाण्यात टाकतो. या कानावरच धंदा उभा केला. एका हातयंत्रापासून सुरुवात केली, आज तीन आहेत. असल्या माणसाला घरातली बाई उठताना दोन हप्त्यांत उठते, आधी गुडघ्यावर, मग थांबून, मग उभी, हे नऊ वर्षं ऐकू आलं नाही. शेवटी तेही मला तिनं सांगितलं नाहीच. शेजारच्या मालनबाईंच्या आणि आमच्या न्हाणीत एकच पत्रा आहे. दोन वर्षांमागं त्या पत्र्याआडून ऐकलं. चांगुणा म्हणत होती, "माय, आता बसून धुणं बी व्हईना गेलंय." मालनबाई म्हणाल्या, "मालकाला सांग की." त्यावर ही म्हणाली, "त्यांचा कान बाटलीत असतो." मी बादली खाली ठेवली आणि दवाखान्याची वेळ विचारून आलो.

मग दवाखाना झाला. इथल्या नर्सबाईंनी तपासून रबराची रिंग बसवली. पिशवी वर तोलून धरायला आत एक गोल कडं ठेवतात. हे बाहेर बाकड्यावर बसून मला कळलं आणि मला फार आनंद झाला, कारण रबराची कडी हा माझा विषय. गोळीच्या बाटलीचा सगळा खेळ गळ्यातल्या रबरी कड्यावर असतो. मी आत डोकावून म्हणालो, "बाई, कोणत्या मापाची लागते? घरी बारा डझन पडल्यात." नर्सबाईंनी मला जे सांगितलं ते लिहीत नाही, तुम्ही गँगमन असून तुमच्याही कानावर असं कधी पडलं नसेल. (त्या दिवसापासून मी तिथून जाताना रस्त्याची पलीकडची बाजू धरतो.) त्यांनी चांगुणाला मात्र नीट समजावलं होतं की दर तीन महिन्यांनी येऊन रिंग काढून, धुऊन, तपासून, जुनी झाली तर बदलून न्यायची. ती एकदा गेली. व्हरांड्यात आमच्या गल्लीतले तीन पुरुष खोकल्याच्या औषधाला बसलेले. डोक्यावरचा पदर ओढून ती तशीच परत आली आणि पुन्हा गेलीच नाही. मी विचारलं नाही. मला वाटलं, बसली ना एकदा, झालं. सितारामराव, दर हंगामाला, महाशिवरात्रीच्या आत, मी तीनशे बाटल्यांची रबरं बदलतो. जुनं रबर बोटात दाबून बघतो, चिरलं की फेकतो. एक उन्हाळा रबर टिकत नाही, हे जिंतूर तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तिची रिंग बावीस महिने तशीच राहिली. आत जखम झाली. वास यायला लागला तेव्हा ती माझ्या ताटापासून लांब बसायला लागली आणि मला वाटलं, कशावरून तरी रुसली आहे.

सप्टेंबरात तिला नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं एक डॉक्टरीणबाई भेटल्या, लातूरकडच्या, वयानं तरण्या, पण बोलणं आजीसारखं. त्यांनी रिंग काढली, जखमेला औषध दिलं, आणि मला आत बोलावून खुर्चीवर बसवलं. असल्या कामात नवऱ्याला खुर्ची देणारी ही पहिलीच बाई. म्हणाल्या, नवारीच्या खाटेवर वजन पडून पडून नवार सैल झाली की झोपणारा जमिनीला टेकतो, तसं झालंय. नुसती टाके घालून आवळली तर तीच झिजलेली नवार पुन्हा सैल पडणार. पिशवी काढून टाकता येते. त्यावर चांगुणा प्रथमच बोलली, "लेकरं जित्तं राहिली ते घर नका काढू बाई." मग त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. पोटाच्या भिंतीत चामड्यासारखा मजबूत पडदा असतो, त्यातून पट्टी काढायची आणि तिनं पिशवी वर टांगून ठेवायची. बाहेरची नायलॉनची पट्टीही मिळते, पण परकी वस्तू अंग कधी मानतं, कधी महिन्या-दोन महिन्यांनी सडवून बाहेर टाकतं. आपल्याच अंगाची असली की अंग तिला ओळखतं.

मी म्हणालो, "मग माझी घ्या. माझं पोट बघा, दोघांना पुरून उरंल." बाई हसल्या आणि म्हणाल्या, दुसऱ्याचं मांस तिचं अंग धरणार नाही, लग्नाचं असलं तरी. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी आपणहून काही देऊ केलं, ती ही पहिली वेळ, आणि तेही नापास झालं. रक्त तेवढं जुळलं. ते माझं चालणार आहे.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती चांगुणाच्या मनात फार घर करून आहे. परदेशात म्हणे भाजलेल्या माणसाच्या कातड्याचा नखाएवढा तुकडा घेऊन काचेच्या ताटलीत औषधपाण्यावर ठेवतात आणि त्याचं हातरुमालाएवढं कातडं वाढवतात. उद्या असंच बाईच्या अंगाचं कणभर मांस घेऊन, त्याला जाळीवर वाढवून, नवी नवार तयार करता येईल. मग पोट फाडून पट्टी काढायलाही नको. चांगुणानं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हंजी इरजणासारखं. चमचाभर लावायचं आन् गाडगंभर व्हायचं." बाई म्हणाल्या, अगदी तसंच. हिनं विचारलं, किती दिसांनी? बाई म्हणाल्या, वीस वर्षं, तीस वर्षं, कुणास ठाऊक. "मग मह्या कुसुमच्या येळंला," असं म्हणून तिनं कुसुमच्या नावानं बाईंना हात जोडले. मला ते बरं वाटलं नाही. अकरा वर्षांच्या पोरीच्या खाटेची नवार आताच सैल धरून चालणारी आई, आणि शेजारी खुर्चीवर बसलेला मी.

मग त्यांनी कागदावर लिहायला विचारलं, हे कधीपासून. चांगुणानं माझ्याकडं पाहिलं आणि मी भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या चित्राकडं. त्या अठ्ठ्याहत्तर सालचं तुम्हाला सांगायला नको. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि येलदरीच्या अलीकडं आमच्या गावात आपली वस्ती पेटली. कुसुम तेव्हा नऊ दिवसांची. सुईण धुरपताबाईंनी सव्वा महिना पाण्यानं भरलेला तांब्याही उचलायचा नाही म्हणून बजावलं होतं. घरातून काढायला दोनच वस्तू होत्या: बाटल्यांची पेटी आणि सोड्याचं यंत्र. यंत्राचं ओतीव लोखंडाचं चाक वीस किलोच्या वर. मी बाटल्या घेतल्या. बाटली काचेची, फुटायची भीती, म्हणून ती मी माझ्याकडं घेतली. चाक लोखंडाचं, पडलं तरी काही होत नाही, म्हणून ते तिच्या डोक्यावर दिलं. पोटाशी लेकरू, डोक्यावर चाक, वरून पाऊस, आणि जिंतूरपर्यंत पाच कोस. एक बाटली फुटली नाही, हे मी पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना अभिमानानं सांगत आलो. तुम्हालाही दोनदा सांगितलंय. तिथं बसून चांगुणा तेच ऐकत असायची. विद्यापीठाचं नाव अजून हललं नाही. तिचं अंग मात्र त्या पाच कोसांत जागचं हललं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एवढंच लिहिलं: बाळंतपणानंतर जड वजन उचलले. कुणी उचलायला दिले, हा रकाना त्या कागदात नाही.

आता मूळव्याधीचं. नांदेडला चार दिवस मोडले, दुकान बंद राहिलं, आल्यावर नाक्यावर सगळे विचारायला लागले. चांगुणा म्हणाली, "मह्या दुखण्याचं नाव काढलं तर मी पूर्णेत उडी घेईन." मी म्हणालो, मग माझं सांगतो. मूळव्याध निवडली, कारण ती कुणी दाखवा म्हणत नाही. हुशारी केली, असं मला दोन तास वाटलं. मग भेटायला माणसं सुरू झाली. पहिल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी चौदा. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला यायचं म्हणजे कमीत कमी एक कप चहा होईस्तोवर बसायचं, आणि चहा लवकर झाला तर दुसरा होईस्तोवर. आमचे चुलते आश्रुबा आले, त्यांनी ऐन पन्नास सालची स्वतःची मूळव्याध पहिल्यापासून सांगितली. पानटपरीवाला मुंजाजी एक वैदू घेऊन आला. त्याच्या तावडीतून मी कसा सुटलो हे पुन्हा कधीतरी. मी आजारी म्हणून मला उठता येईना, आणि चांगुणा धडधाकट म्हणून तिला बसता येईना. आडावरून पाणी तिनं आणलं, चूल तिनं फुंकली. बायका जाताना तिलाच सांगायच्या, "नवऱ्याला जप बाई." पंधरा दिवसांत भरत आलेली जखम पुन्हा फुटली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, विश्रांती घेतली का? मी म्हणालो, हो, मी घेतली.

ऑपरेशन थंडीतच ठरवलं होतं, कारण या दिवसांत धंदा झोपलेला असतो. या महिन्याच्या सहा तारखेला भरती व्हायचं होतं. पुढं तीन महिने काडीही उचलायची नाही, अशी बाईंची सक्त ताकीद. पाच तारखेला सांजच्याला मी बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभा राहून चांगुणाला शब्द दिला की तीन महिने तुला हात लावू देणार नाही कशाला. सहाला सकाळी पिशवी भरून तयार होती. तेवढ्यात मुंजाजीनं दारातून हाक मारली, सभेला कधी नव्हे ती बाटल्यांची एक पेटी पाहिजे. मी आत धोतर नेसत होतो. तोंडातून निघून गेलं, "चांगुणा, पेटी दे गं त्याला." तिनं उचलली. दिली. आत आली, पिशवीतलं लुगडं काढलं आणि दांडीवर टाकलं.

मी पुष्कळ बोललो. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या मनात काई न्हाई, मला ठावं हाय. तुमच्या जिभंला सवय हाय. मह्या बी अंगाला हाय, तुमी हाक मारली की मी उठतेच. पोट फाडून पट्टी बसवायची आन् चौथ्या दिशी पेटी उचलून तोडायची, त्यापरीस हाय ते बरं हाय."

त्या दिवशी नांदेडची गाडी आमच्याविना गेली.

बाकी ठीक. सुरणाबद्दल पुन्हा एकवार आभार. पुन्हा आणू नये. वहिनींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
रंगनाथ

ता. क. – डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडून ४ डिसेंबर, सोमवार, ही नवी तारीख घेतली आहे. चांगुणा माझ्यासंगं यायची नाही. पण मुराळी आला तर जाईल. आई वारल्यापासून दहा वर्षांत तिला न्यायला माहेराहून कुणी आलेलं नाही. ती बोलत नाही, पण दिवाळीत एसटी थांबली की हात पुसत दारात येते, हे माझ्या कानाला कळतं. तुम्ही १ तारखेला या आणि म्हणा, "चल, तुला न्यायला आलोय." चुडाव्याहून पॅसेंजरनं नांदेड जवळ आहे. मी रक्त द्यायला थेट दवाखान्यात येतो. नंतर तीन महिने तिला तुमच्याकडं ठेवा. जिथं माझी हाक ऐकू जात नाही असं तिच्या ओळखीचं दुसरं घर नाही.

ता. क. दुसरा – वहिनी आजारी आहेत, मदतीला चल, असं सांगून न्यावं, असं मी आधी लिहिलं होतं, ते खोडलं आहे. तसं सांगितलंत तर ती तिथं पोचल्याबरोबर भांडी घासायला बसेल. कारण काढूच नका. पोरगी माहेराला येते, त्याला कारण कशाला? शेजाऱ्यांनी विचारलं तर म्हणा, नवऱ्याच्या मूळव्याधीची सेवा करून बहीण दमली. मूळव्याध माझ्याच नावावर राहू द्या; जिंतुरात आता ती मला शोभायला लागली आहे. वहिनींना मात्र खरं सांगा, ड्रेसिंग बाईमाणसालाच बघावं लागेल. आणि महिन्यानं मी भेटायला आलो, तर मला पाणीसुद्धा तिच्या हातून देऊ नका.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवताना चांगुणानं विचारलं, एवढं काय लिवायलाव? मी म्हणालो, मूळव्याधीचं. ती म्हणाली, "मग खाली मही बी खुशाली लिवा. म्हणावं, चांगुणा बरी हाय, काळजी करू नका." तिनं सांगितलं म्हणून लिहिलं. आजवरच्या प्रत्येक पत्रात मी हेच लिहीत आलो आणि तुम्ही ते वाचून निवांत राहत आलात. या खेपेला राहू नका.